धर्माचा रकाना कोरा ठेवणाऱ्यांची नीती कुठून येते?

१ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून देशाची जनगणना होते आहे. जातीची नोंद होणार म्हणून तिची चर्चा जोरात आहे. पण त्याच अर्जात एक जुना रकाना असतो, धर्माचा. स्वातंत्र्यानंतरच्या प्रत्येक जनगणनेत तो होता. २०११ मध्ये सुमारे २८.७ लाख लोकांच्या नावापुढे ‘धर्म सांगितला नाही’ अशी नोंद झाली. हे सगळे देव न मानणारे होते असं अजिबात नाही. कुणी सांगायचं टाळलं असेल, कुणाचं लिहायचं राहून गेलं असेल. तरीही ‘मला कोणताच धर्म नाही असं लिहिलं तर चालतं का?’ हा प्रश्न अनेक तरुणांच्या मनात असतो, आणि त्याचं उत्तर सरळ आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं की धर्म जाहीर करायला सरकार कुणावर सक्ती करू शकत नाही, आणि आपला कोणताच धर्म नाही असं सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलेलं आहे, त्यातच हा हक्क येतो.

कायद्याचा प्रश्न एवढ्यात संपतो. घरातला आणि पारावरचा प्रश्न मात्र तिथून पुढे सुरू होतो. ‘देव नाही, धर्म नाही, मग पोरांना चांगलं-वाईट कशाच्या आधारावर शिकवणार? उद्या कुणावर वेळ आली तर तुमच्यासारखी माणसं धावून येणार का?’ हे विचारणारे बहुतेक लोक टोमणा मारत नसतात, त्यांना खरोखर काळजी वाटत असते. म्हणून हा प्रश्न मुळापासून समजून घेऊ.

आधी थोडे शब्द

देव नाही असं ज्याचं मत आहे तो निरीश्वरवादी. देव आहे की नाही हे माणसाला कळू शकत नाही असं म्हणणारा अज्ञेयवादी. कोणतीही गोष्ट पुरावा आणि तर्क तपासून स्वीकारायची, हा विवेकवाद. परलोकाचा हिशेब बाजूला ठेवून याच जगण्यातल्या सुखदुःखाचा विचार करायचा, हा इहवाद. अभ्यासकांना हे भेद लागतात, आपलं काम त्यांच्याशिवाय चालेल. यापुढे मी ‘देव न मानणारे’ एवढंच म्हणणार आहे.

एक गोष्ट मात्र इथेच स्पष्ट करायला हवी. देव आणि धर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांगली जिल्ह्यात जैन समाज मोठ्या संख्येने आहे. विश्वाचा कर्ता असा कुणी ईश्वर जैन तत्त्वज्ञान मानत नाही, तरी अहिंसेचा आणि अपरिग्रहाचा, म्हणजे गरजेपेक्षा जास्त साठवून न ठेवण्याचा, त्याइतका कडक आग्रह क्वचितच कुठे दिसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं, ती आजची प्रतापसिंह हायस्कूल. पुढे १९५६ मध्ये त्यांनी जो बौद्ध धम्म स्वीकारला, त्यात ईश्वराच्या जागी नीती आहे, अशीच त्यांची मांडणी होती. म्हणजे ‘वर कुणी नसेल तर नीती टिकणारच नाही’ या समजुतीला उत्तर द्यायला परदेशातला तत्त्वज्ञ आणायची गरज नाही. आपल्या शेजारच्या आळीत अशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत.

मग नीती येते तरी कुठून?

शेतातला पैरा ज्याने पाहिला आहे त्याला हे समजायला वेळ लागणार नाही. आज चार घरची माणसं माझ्या रानात भुईमूग उपटायला येतात, उद्या मी त्यांच्या रानात जातो. मजुरी नाही, कागद नाही, सही नाही. तरी व्यवहार चालतो, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची गरज आहे आणि प्रत्येकाला प्रत्येकजण ओळखतो. जो फक्त घेतो आणि द्यायच्या वेळी तोंड चुकवतो, त्याच्या रानात पुढच्या हंगामाला कुणी फिरकत नाही. शब्द पाळ, फुकटात खाऊ नकोस, वाटणी सरळ कर, हे नियम कुणी शिलालेखावर कोरून दिले नव्हते. एकत्र जगायचं तर ते पाळल्याशिवाय भागत नाही, म्हणून ते घडत गेले.

पण पैरा एवढ्यावर थांबत नाही. घरातला कर्ता माणूस गेला आणि मागे एकटी बाई व लहान पोरं राहिली, तर तिच्या रानातलं पीकही लोक काढून देतात. ती परतफेड करू शकणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं. व्यवहारात सुरू झालेली गोष्ट करुणेपर्यंत जाते ती अशी. माझ्या मते नीतीची ही दोन मुळं आहेत, परस्परांची गरज आणि दुसऱ्याचं दुःख आपल्याला जाणवणं. धर्मांनी या दोन्हींना भाषा दिली, गोष्टी दिल्या, सण दिले, आणि हे काम मोठं आहे. मुळं मात्र त्याआधीची आहेत.

याला प्रयोगाचा आधारही आहे. वॉर्नेकेन आणि टोमासेलो या दोन संशोधकांनी २००६ मध्ये दीड वर्षाच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या माणसाच्या हातून कपड्यांचा चिमटा खाली पडतो आणि तो उचलायला त्याचा हात पोचत नाही. मूल जातं आणि चिमटा उचलून देतं. बक्षीस नाही, शाबासकी नाही, कुणी सांगितलेलं नाही. दीड वर्षाच्या पोराला स्वर्ग-नरक ठाऊक नसतो. समोरच्याला काहीतरी हवं आहे आणि ते मिळत नाही, एवढं त्याला कळतं. यावरून माणूस जन्मतः संत असतो असं सिद्ध होत नाही. तेच मूल पुढच्या क्षणी दुसऱ्याच्या हातातलं खेळणं ओढून घेतं. रुजायला जागा आहे, मशागत लागते, इतकंच यातून म्हणता येतं.

‘भीती नसेल तर माणूस मोकाट सुटेल’

हा सगळ्यात जुना आक्षेप. त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. ‘वरचा बघतोय’ या एका विचाराने कित्येकांचा हात वाईट कामावरून मागे आला असेल. पण दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली. भीतीने केलेलं चांगलं काम भीती असेल तोवरच टिकतं. शिवाय आपल्याकडे पाप धुऊन टाकण्याचे मार्गही तयार आहेत, नवस आहे, दान आहे, स्नान आहे. भेसळ करून मिळवलेल्या पैशातून देवाला मुकुट चढवणारा माणूस स्वतःला पापी समजत नाही. तो हिशेब चुकता केल्याच्या समाधानात असतो. ज्याला असा हिशेब चुकता करायची सोयच नाही, त्याला ज्याचं नुकसान केलं त्याच्याच दारात जावं लागतं. देव न मानणाऱ्यावर ही जबाबदारी उलट जास्त कडक पडते.

दुसरी. विश्वास आणि वागणूक यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय तर बायबलमधल्या त्या परोपकारी वाटसरूचाच होता, जो रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला मदत करतो. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवलेला होता. ज्यांना ‘अजून वेळ आहे’ असं सांगितलं होतं त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय’ असं सांगितलं होतं त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता आणि धार्मिक ओढ किती होती, याचा थांबण्या-न थांबण्याशी ठळक संबंध दिसला नाही. घाईचा दिसला.

मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. चांगलं वागायचं असेल तर मनात काय मानतो याच्या बरोबरीने आपण आपला दिवस कसा लावला आहे हे बघायला हवं, असं तो सांगतो. ज्याच्या दिवसात दुसऱ्यासाठी अर्धा तासही शिल्लक नाही, तो आस्तिक असो की नास्तिक, पुढे निघून जाणार.

चांगलं-वाईट ठरवणार कोण?

‘ग्रंथ नाही, गुरू नाही, म्हणजे ज्याला जे वाटेल ते बरोबर?’ नाही, तसं नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीसमध्ये सॉक्रेटिसने एक प्रश्न उपस्थित केला होता. एखादी गोष्ट देवाला आवडते म्हणून चांगली, की ती चांगली आहे म्हणून देवाला आवडते? पहिलं खरं मानलं तर उद्या देवाच्या नावाने कुणी चोरीची आज्ञा सांगितली तरी ती चांगली म्हणावी लागेल. दुसरं खरं मानलं तर चांगुलपणाची कसोटी देवाबाहेर आहे, आणि ती आपणही तपासू शकतो. बहुतेक श्रद्धाळू माणसं प्रत्यक्षात दुसऱ्याच मार्गाने चालतात. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार दाखवला जात होता, तरी आज आपण ती अन्याय मानतो आणि घटनेच्या कलम १७ ने ती रद्द झाली. सती, केशवपन, बालविवाह यांचंही तेच. परंपरेत काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे माणसांनी आपली बुद्धी वापरूनच ठरवलं.

ती कसोटी वापरताना तीन गोष्टी विचारता येतात. यामुळे कुणाला इजा होते का? माझ्या जागी समोरचा आणि त्याच्या जागी मी असतो तर हा नियम मला मान्य झाला असता का? आणि ज्याच्यावर याचा परिणाम होणार त्याला बोलायची संधी मिळाली का? या तिन्हींत तिसरा प्रश्न आपण सर्वांत जास्त विसरतो. गावातल्या बैठकीत बायकांविषयीचे निर्णय बायकांशिवाय होतात, वस्तीविषयीचे निर्णय वस्तीतला माणूस नसताना होतात.

नियम माणसंही बनवू शकतात आणि पाळूही शकतात, याचं एक साधं उदाहरण कडेगाव तालुक्यात आहे. मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद होतात. मुलांचा अभ्यास व्हावा म्हणून गावाने बसून ठरवलं. या नियमामागे ना शाप आहे ना पुण्य. पोरांचं नुकसान होतंय हे दिसलं, चर्चा झाली, नियम ठरला.

विवेकाने ठरवलेली नीती चुकत नाही असा दावा कुणी करू नये. देव नाकारणाऱ्या राजवटींनीही माणसं मारली, स्टालिनच्या रशियात लाखोंनी मारली. तिथे देवाच्या सिंहासनावर पक्ष आणि नेता बसला होता आणि त्याला प्रश्न विचारायची मुभा नव्हती. देव सोडला म्हणून माणूस आपोआप चांगला होत नाही. प्रश्न विचारायची मुभा गेली की तिथे धोका असतो, मग वर कोणीही असो. घटनेच्या कलम ५१अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक व सुधारक वृत्ती वाढवणं हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. ते आस्तिकालाही लागू आहे.

आपल्याच मातीतली माणसं

टेंभू म्हटलं की आज आटपाडी-खानापूरच्या शेतकऱ्याला उपसा सिंचन योजना आठवते. कराडजवळच्या याच टेंभू गावात १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर जन्मले. घरची परिस्थिती अगदी बेताची. एम.ए. होत असताना त्यांनी आईला कळवलं की मोठ्या पगाराची नोकरी मी धरणार नाही, पोटापुरत्या मिळकतीवर समाधान मानून बाकीचा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहे. आणि तसंच ते जगले. ते अज्ञेयवादी होते, पुण्यफळाची आशा त्यांना नव्हती. स्त्रीशिक्षण, विधवांचे हाल, बालविवाह यांवर ते असं लिहीत गेले की पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी अंत्ययात्रा काढली. १८९५ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी ते गेले. परलोकावर भिस्त नसलेला माणूस इतका त्याग कशासाठी करतो, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या चरित्रात मिळतं.

दुसरं नाव डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं. साताऱ्याचे डॉक्टर, कबड्डीचे नामवंत खेळाडू. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती (अंनिस) उभी केली. ‘अंनिस देवाच्या विरोधात आहे’ असा समज अजूनही आहे. तो चूक आहे. लोकांना फसवणाऱ्या, लुबाडणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध ही तिची भूमिका, आणि देव मानणारे कार्यकर्तेही तिच्यात काम करत आले. साताऱ्यात ‘परिवर्तन’ संस्थेतून व्यसनमुक्तीचं काम झालं, गणेशोत्सवात मूर्ती आणि निर्माल्य पाण्यात न सोडता दान करण्याची मोहीम झाली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. या कायद्यात पूजाअर्चेवर किंवा देव मानण्यावर कोणतंही बंधन नाही. अघोरी प्रथा आणि चमत्काराच्या नावाने होणारी फसवणूक व छळ यांना तो गुन्हा ठरवतो.

यावर कुणी म्हणेल, ‘पण जोतीराव फुले देव मानत होते.’ अगदी खरं आहे. ज्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, ते जोतीराव निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानत. १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी माणसांना उचलून आणताना स्वतः प्लेगने गेलेल्या सावित्रीबाई याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. कर्मवीर भाऊराव पाटील जैन कुटुंबातले होते आणि गाडगे महाराजांशी त्यांचा जवळचा स्नेह होता. या सगळ्यांना ओढूनताणून नास्तिकांच्या यादीत बसवण्याची गरज नाही आणि तसं करणं अप्रामाणिक ठरेल. मला एवढंच दिसतं की त्यांनी मदत करताना समोरच्याची श्रद्धा विचारली नाही. भाऊरावांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवत होती, तिथे जेवणाची अट भूक हीच होती.

‘पूर आला तेव्हा तुम्ही कुठे होतात?’

आतापर्यंतच्या आक्षेपांची उत्तरं तुलनेने सोपी होती. हा प्रश्न खरा अवघड आहे.

२००५, २०१९ आणि २०२१. कृष्णेने सांगली तीनदा बुडवली. त्या दिवसांत मठ, मंदिरं, मशिदी, गुरुद्वारे यांच्याकडून जेवण आलं, कपडे आले, माणसं आली. मिरजेला वैद्यकीय नगरी म्हणतात, तिची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांच्या दवाखान्यातून झाली. धर्माने उभ्या केलेल्या सेवेचं हे श्रेय मनापासून मान्य करायला हवं. देव न मानणारेही पुरात राबले, पण कुणी तरुण मंडळातून, कुणी कॉलेजच्या एनएसएसमधून, कुणी एकटाच ट्रॅक्टर घेऊन. त्यांचा झेंडा नव्हता म्हणून ते दिसले नाहीत. इथपर्यंत बचाव ठीक आहे. पण तो पुरेसा नाही.

देवळाकडे काय असतं ते बघा. जागा असते, मोठी भांडी असतात, हंड्याने भात शिजवायची सवय असलेली माणसं असतात. आठवड्याला ठरलेला वार असतो, वर्षाला ठरलेली तिथी असते, दानपेटी असते. एकमेकांचे नंबर असतात. कुणाच्या घरी आजारपण आहे ही बातमी काकडआरतीला आपोआप पोचते. संकट आलं की ही सगळी व्यवस्था तयारच असते. देव सोडणारा माणूस त्याबरोबर ही व्यवस्थाही सोडून बाहेर पडतो, आणि तिच्या जागी बहुतेक वेळा काहीच उभं करत नाही. मतं तेवढी पक्की होतात. माझ्या पाहण्यातल्या पुष्कळ विवेकवादी मंडळींबद्दल माझी तक्रार हीच आहे. वाद घालायला तयार, पण शेजारच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचा वार ठरलेला नाही.

ज्यांनी हे ओळखलं त्यांनी व्यवस्था उभ्या केल्या. भाऊरावांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. मुलांच्या जेवणासाठी घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा व्हायचं, त्याला मुष्टिफंड म्हणत. बाईने दळायला बसताना एक मूठ बाजूला काढायची. रक्कम म्हणून ती नगण्य, पण रोजची. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी आपले दागिने मोडले तो त्याग मोठाच, पण संस्था टिकली ती या रोजच्या मुठीवरसुद्धा. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात न्यायमंडळं चालवली, कमी खर्चात लग्नं लावली. अलीकडे कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने श्रमदानातून पाणी अडवलं आणि २०१६ मध्ये जलसंधारणाच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, रोज येणारी माणसं. चर खणणाऱ्याच्या मनात कोण आहे हे मातीला कळत नाही.

तेव्हा देव न मानणाऱ्याने सुरुवात करायची तर अशी करावी. महिन्याच्या मिळकतीतला एक ठरावीक भाग पगाराच्या दिवशीच बाजूला काढावा, मनाला वाटेल तेव्हा नव्हे. आठवड्यातला एक ठरलेला वेळ गावच्या वाचनालयाला, शाळेला, दवाखान्यातल्या एकट्या रुग्णाला द्यावा. आणि हे एकट्याने करू नये, किमान चार घरं तरी जोडावीत, म्हणजे आपण आजारी पडलो तर काम थांबत नाही. रक्तदानालाही असाच हिशेब लावता येतो. १८ ते ६५ वयाचा, किमान ४५ किलो वजनाचा निरोगी पुरुष दर तीन महिन्यांनी आणि स्त्री दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकते. पुढारी किंवा महापुरुषाच्या जयंतीला शिबिरांची गर्दी होते आणि उन्हाळ्यात पेढीत तुटवडा पडतो. उन्हाळ्यातली तारीख आधीच लिहून ठेवावी.

जत्रेची वर्गणी द्यायची का?

ग्रामदैवताची जत्रा म्हणजे नुसता देव नव्हे. कुस्त्यांचं मैदान, छबिना, माहेरवाशिणी, पाहुणे, पुण्या-मुंबईहून आलेली भावंडं, सगळं गाव एका जागी. वर्गणी मागायला पोरं दारात आली की देव न मानणाऱ्या घरात दोन टोकं दिसतात. कुणी वाद नको म्हणून मुकाट पैसे देतो, कुणी तत्त्व म्हणून दार लावून घेतो. मला दोन्ही पटत नाही. पैसे द्यावेत आणि कशासाठी देतोय ते मोकळेपणाने सांगावं. मैदानासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी, महाप्रसादाच्या शिध्यासाठी, दुसऱ्या दिवशीच्या सफाईसाठी. पशुबळी, कानठळ्या बसवणारा डीजे, अंगात येणाऱ्याची गादी यांसाठी देणार नाही हेही बैठकीत उभं राहून सांगावं. पंगतीत वाढायला मात्र पहिलं उभं राहावं.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरडवरून जाते. पायाला फोड आलेल्या म्हाताऱ्या वारकरी बाईची मलमपट्टी करायला पांडुरंगावर विश्वास लागत नाही. तिच्या विश्वासाची कीव करत बसलो तर मात्र ती पट्टी बांधायचा आपला अधिकार गेला, असं मी मानतो.

आपल्या मतामुळे गावकी किंवा भावकी वाळीत टाकेल, ही भीती काहींना असते आणि ती खोटी नसते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लग्न कोणत्याही धर्मविधीशिवाय करायचं असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. वर-वधूंपैकी एकजण किमान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर सही. न्यायालयात किंवा पदाची शपथ घेतानाही देवाचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते.

दुःखात आधार कुणाचा?

प्रार्थनेने मनाला बळ मिळतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पोरगं अपघातात गेलेल्या आईला ‘देवाने नेलं’ या दोन शब्दांनी जो टेकू मिळतो तो काढून घ्यायला जाणारा माणूस निर्दय म्हणावा लागेल. देव न मानणाऱ्याकडे तो टेकू नसतो, आणि त्याच्याऐवजी कोणतंही तत्त्वज्ञान तेवढ्या लवकर उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतात माणसं. आपल्याकडे ज्या घरात मयत झाली तिथे चूल पेटत नाही, भावकी-शेजारी भाकरी घेऊन येतात, कडू घास भरवतात. या प्रथेत देव कुठेच नाही, शेजार आहे. ती जशीच्या तशी ठेवावी. तेरा दिवसांनी सगळे पांगतात आणि घर खरं रिकामं होतं ते त्यानंतर, म्हणून देव न मानणाऱ्याने भेटीला जावं ते महिन्याने, दोन महिन्यांनी. मन सावरतच नसेल तर सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, हे त्या घरात सांगायला लाजू नये.

मेल्यानंतरही कुणाच्या उपयोगी पडता येतं

कृष्णाकाठच्या कित्येक गावांत आता रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा काढून त्यात घालतात आणि वर आंब्याचं किंवा नारळाचं रोप लावतात. हे करणाऱ्यांत माळकरी घरंही आहेत.

नेत्रदान याहून सोपं आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं घरी येऊन काम करतात. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, वय जास्त होतं, यातली कोणतीच अडचण नाही. ते येईपर्यंत पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद करायचा, कारण वाऱ्याने बुबुळ सुकतं.

देहदानासाठी मिरज, कराड, सातारा इथे वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज मिळतो, त्यावर जवळच्या नातेवाइकांच्या सह्या लागतात. नेत्रदान करून देहदानही करता येतं. शवविच्छेदन झालेला किंवा काही संसर्गजन्य आजारांनी गेलेल्याचा देह मात्र स्वीकारत नाहीत, आणि डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला सोबत द्यावा लागतो. त्या दिवशी महाविद्यालयाला फोन करायचा असतो तो घरच्यांनी, आणि त्यांनी नकार दिला तर भरलेल्या अर्जाचा काही उपयोग राहत नाही. म्हणून अर्ज आणण्याआधी बायको, मुलं, भाऊ यांच्याशी बसून बोलावं. आई हयात असेल तर तिच्याशी सगळ्यात आधी. तिला अंत्यविधी हवाच असेल तर देह नेण्याआधी घरी तिच्या समाधानाचा विधी होऊ शकतो, महाविद्यालयाची त्याला काही हरकत नसते.